पंढरपूरचे बालहत्या प्रतिबंधक गृह आणि मागे फिरलेल्या माता

पंढरपूर येथे १८७५ साली स्थापन झालेले बालहत्या प्रतिबंधक गृह, म्हणजे वैधव्यात गरोदर राहिलेल्या स्त्रियांना गुप्तपणे बाळंत होण्यासाठी आसरा देऊन त्यांच्या अर्भकांचे प्राण वाचवणारी संस्था, हे सोलापूर जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातील एक थोर कार्य होय. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांनी प्रार्थना समाजाच्या साहाय्याने ते उभे केले, आणि पुढे तेथील बालकाश्रमाला समाजाचे एक प्रमुख सभासद वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव मिळाले. या कार्याचा विचार सहसा वाचलेल्या मुलांच्या बाजूने होतो. गर्भ वाहून, बाळंत होऊन, मूल मागे ठेवून जी परत फिरली तिच्या बाजूने तो क्वचितच होतो, आणि सरोगसी, म्हणजे दुसऱ्या दांपत्यासाठी गर्भ वाढवून मूल त्यांच्या स्वाधीन करणे, हा विषय आज कायद्यापुढे आलेला असताना ही उणीव अधिकच जाणवते.

असे गृह पंढरपूरलाच का लागावे, याचे उत्तर क्षेत्राच्या स्वरूपात सापडते. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध ठरला तरी उच्चवर्णीय घरांत तो निषिद्धच राहिला. बालपणीच कुंकू पुसलेल्या, केशवपन केलेल्या मुलीवर घरातल्याच पुरुषाने हात टाकला, तरी कलंक तिच्याच माथी येई. तिला गावाबाहेर काढण्यास तीर्थयात्रेइतके निर्वेध निमित्त दुसरे नव्हते. आषाढीला येऊन कार्तिकीपर्यंत चातुर्मास क्षेत्रात काढणे हे विधवेला शोभणारे पुण्यकर्मच मानले जाई, त्यामुळे चार महिने ती दिसली नाही तरी कोणी चौकशी करण्याचे कारण नसे, आणि वारकऱ्यांच्या गर्दीत, मठांत नि धर्मशाळांत तिची ओळखही सहज लपून जाई. १८६० च्या दंडसंहितेने मूल टाकून देणे आणि जन्म लपवणे हे गुन्हे ठरवले होते. परंतु खटला उभा राही तो त्या स्त्रीवर, तिला त्या अवस्थेला नेणारा पुरुष मोकळाच राही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि त्यावरून उसळलेल्या वादातूनच ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा ग्रंथ १८८२ मध्ये सिद्ध झाला.

पंढरपूरच्या आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात असेच गृह काढले होते. १८८४ च्या आपल्या टिपणात जोतीरावांनी दिलेली माहिती विषण्ण करणारी आहे: सुमारे ३५ विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या, त्यांची ५ मुले जगली आणि ३० दगावली, कारण गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच त्यांना इजा झाली होती. हा हिशेब मुलांचा आहे. आयांच्या देहात ते विष किती भिनले, हे त्यातून कळत नाही.

गुप्तता ही या गृहांची दया होती, आणि तिची किंमतही त्या स्त्रियांनीच मोजली. मूल जवळ असो वा नसो, बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत दूध उतरतेच. ज्या बाईला मूल ठेवून घरी परतायचे असे तिला गच्च झालेली छाती बांधून, ताप अंगावर काढून, यात्रेहून आल्याचा चेहरा करून उंबरा ओलांडावा लागे. शोक करण्यासही समाजाची मान्यता लागते. या मातेला बाळंतिणीची विश्रांती मिळाली नाही आणि अपत्य दुरावलेल्या आईचे सांत्वनही लाभले नाही.

मुलाची वाटही सोपी नव्हती. जुन्या हिंदू कायद्यानुसार दत्तक देण्याचा अधिकार केवळ आईबापांचा असल्यामुळे ज्याचे आईबाप अज्ञात ते मूल शास्त्राप्रमाणे कोणाच्याच ओटीत घालता येत नसे. पालकाने न्यायालयाच्या परवानगीने असे मूल दत्तक देण्याची स्पष्ट सोय १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातील १९६२ च्या दुरुस्तीने झाली. आईचे नाव पुसण्याने तिची अब्रू राखली गेली खरी, पण त्याच कृतीने मुलाचा कुटुंबावरील हक्क दीर्घकाळ रोखून धरला.

२०२१ चा सरोगसी नियमन कायदा, जो जानेवारी २०२२ पासून अमलात आला, या गृहांच्या अगदी उलट टोकाकडून सुरू होतो: येथे गर्भ ठरवून धारण केला जातो, त्यात सरोगेट मातेचे स्वतःचे बीज वापरता येत नाही, आणि जन्मलेले मूल पहिल्या क्षणापासून इच्छुक दांपत्याचेच मानले जाते. २५ ते ३५ वयाच्या, विवाह झालेल्या व स्वतःचे मूल असलेल्या स्त्रीला आयुष्यात एकदाच, मोबदला न घेता हे करता येते. विधवेवर लादलेली कुचंबणा आणि येथील लेखी संमती यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तरीही संमती मागे घेण्याची मुभा गर्भरोपणापूर्वीपुरतीच आहे, म्हणजे पोटात हालचाल जाणवू लागल्यावर मन बदलले तर त्या मनाला कायद्यात जागा नाही. गर्भधारणेआधी तिला शारीरिक आणि मानसिक पात्रतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतींसाठी ३६ महिन्यांचा विमाही मिळतो. मात्र मूल सोपवून घरी आल्यावर तिच्या मनाचे काय झाले, हे विचारण्यास कोणीतरी बांधील असावे, असे कायदा म्हणत नाही.