पहारेकऱ्याच्याच घरात बिऱ्हाड

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता डुकरांच्या रोगावर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. पण प्रतिकारशक्तीचा इतिहास म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण, या प्रश्नाचा इतिहास. आम्हाला तो प्रश्न नवा नाही.

१८८२ साली मेसिना इथे मेचनिकॉफनं स्टारफिशच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका. परकं दिसलं की गिळायचं, कुणी शिकवावं लागत नाही. हीच उपजत प्रतिकारशक्ती.

आता केनियाकडे वळू. गोऱ्या वसाहतवाल्यांची डुकरं पटापट मरत होती. हा युरोपातला स्वाइन फीवर नव्हे, वेगळा रोग आहे, असं माँटगोमेरी या पशुवैद्यानं १९२१ साली मांडलं. तिथल्या रानातल्या वॉर्टहॉगला मात्र तोच विषाणू अंगात असून काही होत नाही!

हा विषाणू वाढतो कुठे? मुख्यतः मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे मेचनिकॉफच्याच त्या मोठ्या भक्षक पेशीत. खरं तर पेशीनं लगेच बोंब मारायला हवी. त्यासाठी एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं. एरवी दुसरं एक प्रथिन त्याला कुलूप घालून ठेवतं. धोका दिसला की पेशी ते कुलूप मोडते. १९९६ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं, की विषाणूकडे या कुलपाची नक्कल आहे. नाव ए२३८एल. पेशी आपलं कुलूप मोडते, पण विषाणूचं लागलेलंच राहतं. शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन दाबायला त्याच्याकडे आणखी जनुकं आहेत, ती वेगळीच.

इंटरफेरॉनचा शोध लंडनला लागला १९५७ मध्ये. त्याच वर्षी हा विषाणू लिस्बनला पोचला. योगायोगच, दुसरं काही नाही. पुढे १९६०च्या दशकात पोर्तुगालमध्ये कमजोर केलेल्या जिवंत विषाणूची लस मोठ्या प्रमाणावर टोचली. विषाणू कमजोर झाला होता, पण त्याच्याकडची कुठली हत्यारं उरलीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कित्येक डुकरांना न्यूमोनिया झाला, काही लंगडी झाली, काही मेली. वाचलेल्यांपैकी काही रोग बाळगून राहिली. आमच्या मते, या इतिहासातलं सर्वांत महाग पडलेलं अज्ञान हेच.

विषाणू २००७ मध्ये जॉर्जियात, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला. आता लशीसाठी नेमकी जनुकं काढून टाकतात. व्हिएतनामनं अशी लस २०२३ मध्ये देशभर खुली केली. आसामात घरामागे दोन-चार डुकरं पाळणाऱ्या बाईच्या हाती मात्र अजून कुंपण, चुना आणि बाहेरचं खरकटं न घालणं, एवढंच आहे.