पोशाखाचे कलम आणि अनवाणी पाऊल

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता गाविलगडच्या डोंगररांगेत शिरून सिपना नदीकाठच्या सेमाडोहला पोहोचतो. आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जाणाऱ्या शालेय फुटबॉल स्पर्धांचे हुकूमही याच रस्त्याने मेळघाटातल्या शाळांपर्यंत येतात. कोरकू मुलाने वा मुलीने मैदानात काय घालून उतरावे, कोणता रंग ल्यावा, अंगावरचे काय उतरवून ठेवावे, हे ज्या कायद्याने मुकर्रर होते, त्याचा उगम 8 डिसेंबर 1863 रोजी लंडन येथे मंजूर झालेल्या तेरा कलमांत सापडतो. त्यांतील अखेरचे कलम एवढेच सांगत होते की, बुटाच्या तळव्याला किंवा टाचेला बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्टी अथवा गट्टापर्चा लावून कोणी खेळू नये. सदऱ्याचा रंग, विजारीची लांबी, पाठीवरचा आकडा यांविषयी त्या कलमांत अवाक्षर नव्हते. दुसऱ्याच्या देहाला इजा पोहोचू नये, एवढीच त्या आद्य शास्त्रकारांची चिंता होती, आणि पुढे वाढलेल्या सर्व पोशाखशास्त्राचे मर्म मला याच एका कलमात दिसते.

रंगाचा प्रश्न नंतर आला. प्रारंभी डोक्यावरची टोपी किंवा कमरेचा पट्टा पाहून आपला कोण आणि परका कोण हे ओळखले जाई. गणवेश रुळले तेव्हा दोन संघ एकाच रंगात समोरासमोर येण्याची अडचण उद्भवली. इंग्लंडच्या फुटबॉल लीगने आधी प्रत्येक संघाने आपला वेगळा रंग दप्तरी नोंदवावा अशी तजवीज केली, आणि ती निभेना तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्या रंगाचा एक संच बाळगावा असे ठरविले. त्या काळी रंग जुळले तर सदरा बदलण्याचे कर्तव्य यजमान संघाचे असे; पाहुण्याला त्याच्या रंगात खेळू देणारा हा शिरस्ता मला फार सुसंस्कृत वाटतो. 1921 मध्ये तो फिरला आणि बदलण्याचा भार पाहुण्यावर आला. अमेरिकेतील माध्यमिक शाळांनी तर हा वादच मिटविण्यासाठी एका संघाला पांढरा सदरा व पांढरे मोजे आणि दुसऱ्याला गडद रंग अशी सरळ वाटणी करून टाकली. गोलरक्षकाचा सदरा निराळा असावा हा दंडक 1909 चा, आणि विजारीने गुडघे झाकले पाहिजेत असाही एक दंडक एकेकाळी होता, जो पुढे टिकला नाही.

पंचाच्या वस्त्राचा इतिहास त्याच्या स्थानाच्या इतिहासाशी निगडित आहे. 1891 पर्यंत दोन्ही पक्षांचे दोन अंपायर मैदानात असत आणि रेफ्री बाहेर उभा राहून केवळ त्यांचा मतभेद झाला तरच निवाडा देई. त्या वर्षी तो आत आला, अंपायर रेषेवर गेले, आणि मैदानाच्या मध्यभागी धावणारा हा तटस्थ पुरुष दोन्ही चमूंहून वेगळा दिसणे अगत्याचे झाले. काळा रंग त्याच्या वाट्याला आला आणि अनेक दशके टिकला. 1994 च्या विश्वचषकात पंच रंगीत सदरे घालून उतरले, तेव्हा पुष्कळांना ते खटकले. परंतु काळ्या रंगात स्वतःचे असे पावित्र्य काही नव्हते. दोन्ही संघांहून आणि दोन्ही गोलरक्षकांहून पंच निराळा ओळखू यावा, हे त्यातले तत्त्व.

आपल्या देशात हा खेळ छावण्यांच्या वाटेने आला. मुंबईत 1891 मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला, तो पहिल्या वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. नागपूरजवळचे कामठी हे छावणीचे गाव विदर्भात फुटबॉलसाठी नावाजले गेले. गोऱ्या पलटणी बूट घालून खेळत आणि एतद्देशीय पोरे अनवाणी. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2–1 असे हरविले, तेव्हा अकरा विजेत्यांपैकी सुधीर चटर्जी या एकट्याच्या पायांत बूट होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनवाणी खेळाडूंचा भारतीय संघ फ्रान्सशी झुंजला, दोन पेनल्टी दवडूनही केवळ 1–2 ने हरला, आणि प्रेक्षकांची मने जिंकून परतला. पुढे 1952 साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा गोल चढविले, तेव्हा मात्र आपल्या महासंघाचे डोळे उघडले आणि बुटांची सक्ती जारी झाली. चारच वर्षांनी मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. म्हणून बुटांच्या सक्तीला जुलूम म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु त्या सक्तीच्या मागे बूट पुरविणारा महासंघ उभा होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

वऱ्हाडची व्यायामपरंपरा मूळची अनवाणी. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 मध्ये जे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि ज्याच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची व इतर भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली, त्या मंडळाच्या छायेत वाढलेल्या पिढ्यांना कुस्ती, मल्लखांब, खो-खो, हुतूतू हे सारे मातीला तळवा लावूनच ठाऊक होते. या खेळांना लागणारे वस्त्र गरिबाच्या घरीही असे. फुटबॉलच्या आजच्या कायद्यातील चौथ्या कलमाने मात्र बाह्यांचा सदरा, विजार, मोजे, नडगीवर शिनगार्ड आणि पायांत बूट एवढे सगळे आवश्यक ठरविले आहे. शिनगार्डची कल्पना 1874 मध्ये नॉटिंगहॅमच्या सॅम विडोसनने क्रिकेटचे पॅड कापून काढली, आणि ती कायद्यात सक्तीची झाली 1990 साली.

सेमाडोहसारख्या ठिकाणी दोन चमू पाडायचे झाले की एक चमू सदरे काढून बनियनवर खेळतो. रंग वेगळे ठेवण्याचे तत्त्व तेथे पैशाशिवाय पाळले जाते. हीच मुले तालुक्याच्या सामन्याला जातात तेव्हा पंच रांग लावून बुटाचे तळवे उलटे करून पाहतो, मोज्यावरून नडगी बोटांनी ठोकून शिनगार्डाची खात्री करतो, आणि गळ्यातला काळा दोरा व मनगटातले कडे काढायला सांगतो. चिकटपट्टीने झाकून चालत नाही, कारण दागिने झाकण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही. तो दोरा आईने बांधलेला असतो. पंच त्यात चुकत नाही, खेचाखेचीत गळ्याला फास बसू शकतो. तरी ज्याने तो उतरवायचा, त्याला कारण सांगून, दोरा सांभाळून ठेवण्यासाठी कोणाच्या तरी हाती देऊन, मग शिट्टी फुंकणे हा पंचाच्या धर्माचाच भाग आहे. श्रद्धेपुढे हा कायदा वाकू शकतो, याचा दाखलाही आहे: शिरोवस्त्र घालून खेळण्यास 2014 मध्ये जगभर परवानगी मिळाली, ती इजेचा धोका नाही हे तपासून.

ही तपासणी पाहिली म्हणजे मला वाटते की, इजा टाळणे आणि ओळख पटणे हे कलमाचे दोन हेतू जोवर अबाधित आहेत तोवर त्याचा खर्च मुलाच्या दारात नेऊन ठेवण्याचे कारण नाही. गोलपोस्ट, जाळी, चेंडू आणि कोपऱ्यांची निशाणे स्पर्धा भरवणारा पुरवतो, ती खेळाडूला घरून आणावी लागत नाहीत. तालुक्याच्या मैदानावर शिनगार्डांचे काही जोड, निरनिराळ्या मापांचे बूट आणि दोन रंगांच्या बिबांचे संच त्याच्या या सामानाच्या यादीत घालावेत आणि सामना संपताच मोजून परत घ्यावेत. बूट नाहीत म्हणून बाहेर बसविलेल्या मुलाचे नाव संघाच्या यादीत पुन्हा लिहिता येईल, आणि पंचाला कलमाचे एक अक्षरही शिथिल करावे लागणार नाही.