गेवराईहून जनावरांचा डॉक्टर व्हायचंय? इंटर्नशिपचा रस्ता असा आहे

बारावीचा निकाल लागला की गेवराईसारख्या तालुक्यात एक प्रश्न हमखास येतो. जनावरांचं डॉक्टर व्हायचं तर कुठं जायचं आणि दवाखान्यात हातानं काम करायला कधी मिळतं? ज्या घरचे बैल दरवर्षी ऊसतोडीला निघतात, त्या घरात हा प्रश्न नुसता करिअरचा नसतो.

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी साडेपाच वर्षांची आहे. साडेचार वर्षं वर्ग, प्रात्यक्षिकं आणि परीक्षा. शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे आंतरवासिता. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या 2016 च्या नियमांनुसार ती सक्तीची आहे, ती झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. त्यामुळे आपल्याच कॉलेजच्या दवाखान्यात इंटर्नशिप करायला बायोडेटा पाठवावा लागत नाही, मुलाखतही नसते. खरी चुरस नीटमध्येच होऊन जाते. राज्यातल्या बहुतेक जागा नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, नीटच्या गुणांवर भरतं. 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून जातात.

गावाकडे सगळ्यात महागात पडणारा गोंधळ मात्र वेगळाच आहे. दहावीनंतरची पशुसंवर्धनाची पदविका आणि ही पदवी एकच, असं समजून अनेक जण पदविकेला प्रवेश घेतात. पदविकाधारकांचं काम महत्त्वाचं आहे. लसीकरण, कृत्रिम रेतन, गावोगावची धावपळ बरीचशी तेच करतात. पण 1984 च्या कायद्यानुसार त्यांना किरकोळ सेवाच देता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. सरकारी व्यवस्थेतही हा फरक दिसतो. श्रेणी-1 दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, तर श्रेणी-2 मध्ये पशुधन पर्यवेक्षक. म्हणून अर्ज भरण्याआधी कोर्सचं पूर्ण नाव वाचा.

आता कागदपत्रं. साडेचार वर्षांचे सगळे विषय सुटले की कॉलेजचा दाखला घेऊन महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करायची. इंटर्नशिप सुरू होते ती त्यानंतर. कायम नोंदणी वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पदवीच्या आधारे. दुसऱ्या विद्यापीठाच्या दवाखान्यात काही काळ काम करायचं असेल, तर आपल्या कॉलेजची लेखी परवानगी आणि तिकडची संमती, दोन्ही आधी हवीत. तोंडी होकारावर गेलेले दिवस हिशेबात धरले जातीलच असं नाही. स्टायपेंडची रक्कम सरकारी आदेशानं ठरते, तेव्हा रुजू होताना चालू आदेश विचारून घ्या.

मराठवाड्यात माफसूची दोन पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, परभणी (1972) आणि उदगीर (1987). गेवराईहून माजलगाव, पाथरीमार्गे परभणी गाठता येतं. अशा दवाखान्यात अडलेली गाय, वार न पडलेली म्हैस, पोटफुगी, खांदा सुजलेला बैल, पोट उघडून प्लास्टिक काढण्याची शस्त्रक्रिया असं सगळं समोर येतं. मुंबईत परळला 1886 साली सुरू झालेल्या कॉलेजात कुत्री-मांजरं कितीतरी जास्त. गावात प्रॅक्टिस करायची असेल तर परभणी-उदगीरचा अनुभव जास्त कामी येईल, हे उघड आहे. बीड जिल्ह्यातही परळीला सरकारी कॉलेज उभारायला राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. पण पहिली बॅच आली तरी ती इंटर्नशिपपर्यंत पोहोचायला तिथून पुढे साडेचार वर्षं लागतील.

इंटर्नचं वर्ष फक्त ओपीडीत जात नाही. शस्त्रक्रिया, प्रसूती, प्रयोगशाळा, पशुधन फार्म, मांसतपासणी, गावातली शिबिरं अशा पाळ्या लागतात. 2022 मध्ये लम्पी पसरला, तेव्हा राज्यभर शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचायची होती. मनुष्यबळ कमी पडू नये म्हणून इंटर्न विद्यार्थ्यांनाही या मोहिमेत घेतलं गेलं.

एक गोष्ट घरचे विचारत नाहीत, पण विचारायला हवी. रेबीजची लस घेतली का? कुत्रा चावण्याची वाट न बघता ही आधीच घ्यायची. लाळ गाळणाऱ्या, न खाणाऱ्या गायीच्या तोंडात हात घालण्याची वेळ पहिल्याच आठवड्यात येऊ शकते, आणि रेबीज गायीलाही होतो. दुसरा धोका ब्रुसेलोसिसचा. गाभडलेल्या गायीची वार उघड्या हाताने काढली तर जंतू माणसात येतात, आणि महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी मागे लागू शकते. वासरांना देतात ती ब्रुसेलाची लसही जिवंत जंतूंची असते, चुकून स्वतःला टोचली तर लगेच डॉक्टर गाठावा. खांद्यापर्यंतचे हातमोजे मागून घ्या. संपलेत असं कुणी सांगितलं तर ते येईपर्यंत थांबा.

अजून बारावीतच असाल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा, चार सकाळी उभं राहून बघू का म्हणून. बघायला नोंदणी लागत नाही. सुई हातात धरायला लागते.