साष्टी : नाव आणि वस्ती

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याचे नाव 'षट्षष्टि' म्हणजे सहासष्ट गावे यावरून पडले असे मानतात. गोव्यातील सासष्टीची व्युत्पत्तीही हीच सांगितली जाते. मध्ये कान्हेरीचा डोंगर, कडेला खाड्या व खाजणे. त्यामुळे गावे भातशेतीच्या पट्ट्यांतच वसली. इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगीजांची, १७३७ मध्ये मराठ्यांची आणि १७७४ मध्ये इंग्रजांची सत्ता येथे आली; वस्ती मात्र दीर्घकाळ विरळच राहिली. १८५३ साली ठाण्यापर्यंत लोहमार्ग झाला. १९५७ पर्यंत दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर गेली.

तथापि विरळ म्हणजे निर्जन नव्हे. 'सहासष्ट' ही मोजणी गावांची आहे. माणसांची नाही, पाड्यांचीही नाही. बोरिवली, कांदिवली यांतील 'वली' हे प्रत्ययरूप 'पल्ली'चे, म्हणजे वस्तीचेच, अवशेष मानले जाते. गावांची नावे दप्तरात व स्थानकांच्या फलकांवर टिकली. डोंगरातील वारली पाड्यांची अनेक स्थलनामे मात्र प्रामुख्याने बोलीतच जगतात. पाडा हलला की ती बोलणाऱ्यांबरोबर लोपतात. म्हणून या प्रदेशाच्या इतिहासात दप्तराइतकेच बोलीलाही साधन मानले पाहिजे.