कागद जमिनीचा, पत कोणाची?

आपल्या जुन्या घरांतून माळ्यावर एखादी लाकडी पेटी अजूनही सापडते. सनदा, गहाणखते आणि जमिनीचे उतारे तिच्यात एकत्र बांधून ठेवलेले असतात. गाव सुटून पिढ्या उलटल्या, तरी ते कागद टाकवत नाहीत. जमिनीचा कागद म्हणजे पत, ही समजूत आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

१८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणीचे काम केले. पुढे दख्खनभर पसरलेल्या या पद्धतीत सर्व्हे नंबर खातेदाराच्या नावे लागला, तीस वर्षांचा सारा ठरला आणि जमीन विकण्याची वा गहाण ठेवण्याची मुभा मिळाली. कुणब्याजवळ तारण आले. पण कर्ज देणारा मुख्यतः सावकारच होता आणि खतातील मजकूर पुष्कळांना वाचता येत नव्हता. ज्या कागदाने पत दिली, त्यानेच जमीन नेली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या खतांवर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशांस खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. परंतु सावकाराची जागा घेणारी पेढी कोठे होती? विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली. न्यायमूर्ती रानडे तिचे पुरस्कर्ते होते. भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. १९०१ साली मुंबई सरकारने दुसरे टोक गाठले. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती हस्तांतरित करण्याचा हक्क काढून घेण्याची सोय कायद्यात केली. फिरोजशहा मेहता व गोखले यांनी कडाडून विरोध करून सभात्याग केला. हक्क गेला की पतही जाते, हे त्यांनी ओळखले होते.

वाट निघाली ती १९०४ च्या सहकारी पतपेढी कायद्याने. त्यात भर जमिनीच्या तारणापेक्षा सभासदांनी एकमेकांस जामीन राहण्यावर होता. १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावी, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात, सिद्धनगौडा पाटील यांनी पहिली शेतकी पतसंस्था काढली. बेळगावकर वाचकांस ते गाव दूरचे नाही.

१ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तरीही पीककर्जासाठी बँक उतारा पाहतेच. आणि उताऱ्यावर कित्येकदा शेत कसणाऱ्याचे नाव नसते. तेथे आपल्यासारख्याच एखाद्या घराण्यातील दिवंगत आजोबांचे नाव असते. वारसनोंद आपण केलेली नसते, आणि १९४८ च्या कूळकायद्याच्या जुन्या धास्तीने कसणाऱ्यास आपण चिठ्ठीही लिहून देत नाही. मग तो बिचारा पुन्हा सावकाराचेच दार ठोठावतो.

म्हणून आम्हांस वाटते, पेटीतील कागद जपावेतच. पण एकदा गावी जाऊन तलाठ्याच्या दप्तरात आपल्या नावापुढे काय लिहिले आहे आणि ते शेत आज कोण कसतो, हेही पाहून यावे.