दंतक्रमांकन
प्रत्येक दाताला ठरावीक क्रमांक देण्याची दंतवैद्यकातील पद्धत. व्हिएन्नाच्या झिगमाँडी यांनी १८६१ मध्ये क्रूसाकृती खूण सुचवली. भारतात, अर्थात सोलापूरच्या दवाखान्यांतही, आता एफडीआय या जागतिक दंतवैद्यक महासंघाची दोन अंकी पद्धत रूढ आहे. पहिला अंक तोंडाचा चतुर्थांश दाखवतो: वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३, खाली उजवीकडे ४. हे डावे-उजवे रुग्णाचे. नवशिके विद्यार्थी इथेच गोंधळतात. दुसरा अंक मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजतात. सुळा ३, अक्कलदाढ ८. त्यामुळे खालची डावी पहिली दाढ ३६. वाचायची मात्र ‘तीन-सहा’. दुधाच्या दातांचे चतुर्थांश ५ ते ८. अमेरिकेत १ ते ३२ असे सलग आकडे असल्याने सोलापूरच्या कागदावरची ३६ तिथे १९ होते.