देखणेपण आणि राजकीय कल : खानदेशच्या संदर्भात

देखण्या उमेदवाराला चार मते अधिक मिळतात, हा समज जुनाच आहे. गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी त्यापुढचा प्रश्न हाती घेतला. रूपाचा संबंध केवळ विजयाशी असतो, की डाव्या-उजव्या विचारसरणीशीही?

निक्लास बर्गग्रेन, हेन्रिक योर्दाल आणि पानू पौत्वारा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील उजवे राजकारणी डाव्यांपेक्षा अधिक देखणे ठरले. फिनलंडच्या नगरपालिका निवडणुकांत, जेथे उमेदवारांविषयी फारशी माहिती नसते, रूपाचा लाभ उजव्यांना अधिक झाला. संसदेच्या निवडणुकीत मात्र तो दोन्ही बाजूंना सारखाच होता. त्याच वर्षी रॉल्फ पीटरसन व कार्ल पामर यांनी सामान्य अमेरिकी नागरिकांविषयी असाच निष्कर्ष मांडला. त्यांच्या सामग्रीत विस्कॉन्सिन राज्यातून १९५७ मध्ये शाळा सोडलेल्या विद्यार्थ्यांच्या वार्षिकांकातील छायाचित्रेही होती. कारणमीमांसा अशी दिली जाते, की देखण्या माणसाला नोकरीत, वेतनात आणि व्यवहारात झुकते माप मिळते. त्यामुळे जग न्याय्यच आहे असे त्याला वाटू लागते आणि संपत्तीच्या फेरवाटपाची निकड भासत नाही. अर्थात, हा सरासरीचा कल आहे. एकट्या माणसाचा चेहरा पाहून त्याचा पक्ष ओळखता येत नाही.

हे निष्कर्ष जळगाव-धुळ्याला जसेच्या तसे लावणे कठीण आहे. येथील पक्ष आर्थिक धोरणाच्या डाव्या-उजव्या रेषेवर सरळ बसत नाहीत आणि पक्षांतरेही नित्याची. एकनाथ खडसे २०२० मध्ये भारतीय जनता पक्षातून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. चेहरा तोच, बाजू दुसरी.

त्याहून मूलभूत अडचण म्हणजे देखणे कोणाला म्हणावे, हीच. या प्रश्नावर सर्वांत मूलगामी विचार करणारा माणूस धुळ्याचाच होता. कॉम्रेड शरद पाटील (१९२५-२०१४) चित्रकलेचे शिक्षण सोडून कम्युनिस्ट चळवळीत आले आणि १९७८ मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या त्यांच्या ग्रंथाचा विषय साहित्य असला, तरी सौंदर्याच्या कसोट्या जातिव्यवस्थेपासून अलग नसतात, हा त्यांचा रोख चेहऱ्यांनाही लागू पडतो. गोऱ्या वर्णाला मिळणारे महत्त्व लक्षात घेता, आपल्याकडे छायाचित्रांना गुण देणारे लोक नकळत जात आणि वर्ग यांनाच गुण देत असण्याची शक्यता मोठी आहे.

अभिनेत्री स्मिता पाटील (१९५५-१९८६) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे, राज्याच्या मंत्रिमंडळात राहिलेले नेते. घरात समाजवादी वातावरण आणि स्मिता यांच्यावर राष्ट्र सेवा दलाचे संस्कार. सावळा वर्ण न झाकता त्या पडद्यावर आल्या आणि समांतर चित्रपटाने त्याच चेहऱ्याला सौंदर्याचा मान दिला. म्हणजे विचारसरणी रूपाची व्याख्याही बदलते. पाश्चात्त्य अभ्यासांत ही उलटी दिशा क्वचितच तपासलेली दिसते.

तिसरे पाटील नाव प्रतिभाताईंचे. १९६२ मध्ये त्या वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या. मूळजी जेठा महाविद्यालयात त्यांची 'कॉलेज क्वीन' म्हणून निवड झाली होती, हा तपशील २००७ मध्ये त्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार झाल्यावर वृत्तपत्रांनी आवर्जून छापला. सार्वजनिक जीवनात मात्र डोक्यावरचा पदर आणि लांब बाह्यांचे पोलके हीच त्यांची ओळख राहिली. स्त्री उमेदवाराकडून येथे रूपापेक्षा मर्यादेची अपेक्षा अधिक केली जाते. पुरुष उमेदवाराची अशी परीक्षा कोणी घेत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मतदानयंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याचा निवडणूक आयोगाचा नियम लोकसभा व विधानसभेसाठी १ मे २०१५ पासून लागू झाला. नामसाधर्म्यामुळे होणारा गोंधळ टाळणे हा त्याचा हेतू. परंतु चेहरा बटणाच्या शेजारी आला, तो आलाच. फिनलंडचा अनुभव पाहता खरी कसोटी महापालिकांची आहे. चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला एकाच वेळी चार जणांची निवड करायची असते आणि त्यांतील बहुतेकांना तो चौकातील डिजिटल फलकांवरूनच ओळखतो. तरीही २०१८ मध्ये भारतीय जनता पक्षाने जळगावात ७५ पैकी ५७ आणि धुळ्यात ७४ पैकी ५० जागा जिंकल्या. इतक्या एकगठ्ठा निकालाचे श्रेय चेहऱ्यांना देता येणार नाही. मतदाराने प्रामुख्याने चिन्ह पाहिले असावे. रूपाचा प्रभाव शोधायचाच झाला, तर तो एकाच पक्षाच्या चार उमेदवारांना मिळालेल्या मतांतील फरकात शोधावा लागेल.